पावतीपुस्तकातल्या मूर्ती

मंडळीचा खजिनदार व्हायला सहसा कुणी पुढे येत नाही. पाळकसाहेबांना मान मिळतो, संडे स्कूलच्या ताईंना मुलांचं प्रेम मिळतं, खजिनदाराच्या वाट्याला तेवढा संशय येतो. मी शिरवळच्या एका कंपनीत अकाउंट्स बघत होतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं आणि पुढे ते माझ्याकडेच राहिलं. आमचा खंडाळा बोरघाटातला नव्हे. हा पारगाव-खंडाळा, सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. शिरवळ, केसुर्डी, खंडाळा या पट्ट्यात कारखाने वाढत गेले तशी नगर, सोलापूर, मिरज, जालना इकडची ख्रिस्ती कुटुंबं कामाला आली. त्यांचीच आमची छोटी मंडळी. आधी कुणाच्या तरी बाहेरच्या खोलीत घरसभा भरायची, नंतर भाड्याचा गाळा घेतला. रविवारी अर्पणाची थैली फिरायची, उपासना संपली की दोघांनी मिळून पैसे मोजायचे, मी पावत्या फाडायच्या.

मूर्तिपूजेबद्दल आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दहा आज्ञा संडे स्कूलच्या पोरालाही पाठ असतात. पण त्या ऐकताना आमचं बोट आपोआप शेजारच्या घराकडे जातं. आपल्या घरात देव्हारा नाही, म्हणजे या आज्ञेत आपण पास, असा हिशेब. यहेज्केल संदेष्ट्यापुढे लोकांचे वडील येऊन बसतात तो प्रसंग मात्र वेगळं सांगतो. हे वडील आपल्या मूर्ती हृदयात घेऊन आले आहेत, असं देव त्याला सांगतो. वडील म्हणजे आमच्याकडचे पंच! पैसे मोजायच्या टेबलावर बसलो नसतो तर या प्रसंगाचा अर्थ मला कदाचित कधीच लागला नसता. माणूस प्रार्थनेत काय म्हणतो यापेक्षा तो पैसे कुठे देतो, कुठे देत नाही आणि कशासाठी भांडतो, यात त्याची मूर्ती लवकर दिसते.

पहिला धडा खंडेनवमीने दिला. आमच्या भागातल्या बहुतेक कंपन्यांत त्या दिवशी मशीन धुऊनपुसून हळद-कुंकू लावतात, हार घालतात, पेढे वाटतात. मंडळीतल्या तरुण कामगारांत दरवर्षी वाद ठरलेला. पूजेला उभं राहायचं का? पेढा खायचा का? पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीच्या नैवेद्याबद्दल काय लिहिलं, यावर पोरं रात्री उशिरापर्यंत बोलत बसायची. त्यातला सगळ्यात कडक एक मुलगा पेढा हातातही घेत नसे. सहकारी चिडवायचे, तो सहन करायचा. त्याचं मला कौतुक वाटे.

हाच मुलगा हळूहळू उपासनेला यायचा बंद झाला. रविवारी डबल ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, मिळत होता. आधी महिन्यातला एखादा रविवार, मग दोन, मग चारही. चारचाकीचा हप्ता होता, गावाकडे स्लॅब पडायचा होता. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दशांश मात्र नियमित जमा व्हायचा, तोही ओटीसकट. मंडळीत त्याला कुणी काही बोललं नाही, कारण पैसे येत होते. एकदा पाळकसाहेब त्याच्या घरी गेले. ते एवढंच म्हणाले, "पेढ्याला तू नाही म्हणालास. ओटीला नाही म्हणून बघ. जमतंय का ते मला सांग, बाकी मी काही विचारत नाही."

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रविवारी काम करणं म्हणजे मूर्तिपूजा, असं मी म्हणत नाही. आमच्यात नर्स आहेत, सिक्युरिटीवाले आहेत, कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बाया आहेत. त्यांना रविवार निवडता येत नाही. त्या मुलाला निवडता येत होता, आणि तरी 'नाही' म्हणता येत नव्हतं. महिनाभर त्याने प्रयत्न केला आणि मग येऊन सांगितलं, की सुपरवायझरने यादी फिरवली की हात आपोआप वर जातो. ज्याला आपण नाही म्हणू शकत नाही, त्याची आपण चाकरी करत असतो. पुढे त्याने गाडी विकली, हप्ता संपवला. तेव्हा गावच्या घरी बापाची बोलणी खावी लागली. हे सगळं व्हायला दोन वर्षांच्या वर लागली आणि मधे तो पुन्हा दोनदा त्याच यादीत अडकला. साक्षीत लोक सांगतात तसं एका प्रार्थनेत काही झालं नाही.

दुसरा धडा सुगीच्या सणाचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पीक घरात आलं की ख्रिस्ती मंडळीत उपकारस्तुतीची उपासना होते. लोक धान्य, भाजी, नारळ, केळीचा घड, कोंबडी, अंडी, घरी केलेले पदार्थ घेऊन येतात आणि वेदीपुढे ठेवतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ते पैसे मंडळीच्या कामाला. फार गोड सण आहे हा. एरवी शंभराची नोट न सुटणारा माणूस त्या दिवशी हसत हसत लिंबाला दोनशे रुपये देतो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

एका वर्षी एका लाल भोपळ्यावर दोघांची जुंपली. एक कंत्राटदार, दुसरा मोठ्या हुद्द्यावरचा. पाचशे, हजार, दोन हजार. लिलाव पुकारणारा रंगात आला, दोघांची नावं घेऊन घेऊन बोली चढवत होता. टाळ्या थांबल्या तरी बोली थांबेना. शेवटी भोपळा ज्याने घेतला, त्याच्या मुलाच्या शाळेची फी त्या महिन्यात मंडळीच्या मदतनिधीतून गेली होती. ही गोष्ट फक्त पाळकसाहेबांना आणि मला ठाऊक. मी पावती फाडली. त्याच्या मागे पायलीभर बाजरी आणलेली एक आजी उभी होती. तिच्या बाजरीवर बोली लागलीच नव्हती. भोपळ्याच्या गडबडीत तिची पिशवी टेबलाखाली गेली होती. "भाऊ, माझी नोंद घेतली का?" तिने विचारलं. मी वहीत लिहिलं, पायलीभर बाजरी.

पुढच्या वर्षी पंच कमिटीत ठरलं, लिलाव नाही. वस्तूंवर साधी किंमत लिहायची, ज्याला हवं त्याने घ्यावं, जास्त द्यायचे तर पेटीत टाकावेत, नाव पुकारायचं नाही. भांडण बरंच झालं. खजिनदार म्हणून मीही विरोधात होतो, कारण मला जमेचा आकडा दिसत होता. आणि झालंही तसंच. त्या वर्षी सुगीची जमा जवळजवळ निम्म्यावर आली. मी तो आकडा सभेत वाचून दाखवला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बघा, नुकसान झालं की नाही?" पाळकसाहेब म्हणाले, "जे कमी झाले ते देवाला आलेच नव्हते."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर जमेतली ती घट ही त्या मूर्तीची किंमत होती. तेवढे पैसे नावाला वाहिलेले होते, फक्त पावती देवाच्या नावाने फाडली जात होती. नाव न घेता लोकांना द्यायची सवय लागायला काही वर्षं गेली, जमा हळूहळू वर आली. पण जुन्या आकड्याला ती अजूनही पोचलेली नाही. मोठेपणाची मूर्ती काढून टाकली की देव ताबडतोब दुप्पट देतो, असं कुणी सांगत असेल तर त्याने आमची वही येऊन बघावी.

शास्त्रात गिदोनाची गोष्ट आहे. बहुतेकांना पहिला अर्धा भाग माहीत असतो. बापाची बआलाची वेदी त्याने दहा गडी घेऊन रात्रीतून पाडली. उरलेला भाग उपदेशात कमी येतो. लढाई जिंकल्यावर लोक त्याला म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर. तो म्हणाला, नाही, राज्य देवाचं. इथपर्यंत चोख. मग त्याने लुटीतली कुंडलं मागितली. लोकांनी कापड अंथरलं, सोनं टाकलं. वजन भरलं 1,700 शेकेल. त्याचं त्याने एफोद, म्हणजे याजकी वस्त्र, केलं, आपल्या गावात ठेवलं, आणि सगळे लोक त्याच्या नादी लागले. ज्याने बापाची मूर्ती पाडली त्याच्याच घरी नवी उभी राहिली, आणि तीही धर्माच्या वस्तूची. पैसे मोजणाऱ्या माणसाने ही गोष्ट दरवर्षी एकदा तरी वाचावी. कापड अंथरून सोनं गोळा करताना तिथल्या हिशेबनिसाला कुठे ठाऊक होतं की काय घडणार आहे!

मूर्ती बहुधा वाईट वस्तूची होत नाही. दारूबाज माणसाला दारू वाईट हे ठाऊक असतं, तो लपून पितो. देवाने दिलेल्या चांगल्या वस्तूची मूर्ती होते तेव्हा ती दिवाणखान्यात ठेवली जाते. मोशेने रानात केलेला पितळेचा सर्प लोकांचा जीव वाचवायला होता. पुढे कैक पिढ्या लोक त्याला धूप जाळत बसले आणि हिज्कीया राजाला तो फोडावा लागला.

असा एक पितळेचा सर्प मी एका मोठ्या गावच्या जुन्या मंडळीत पाहिला. सातारा, वाई, सांगली, मिरज या भागात अमेरिकन मिशनांनी शाळा-दवाखाने काढले. मिरजेचं डॉक्टर वानलेस यांचं इस्पितळ 1894 पासूनचं. माझी आई तिथे नर्सिंग शिकली, तिच्या पगारावर आम्ही भावंडं शिकलो. तेव्हा मिशनऱ्यांच्या उपकारांबद्दल मी उणं बोलणार नाही. पण ते गेले आणि मागे राहिल्या त्या इमारती, जागा, कंपाउंड. मी ज्या मंडळीबद्दल सांगतोय तिथे मिशनच्या काळातली एक पायपेटी होती. सागवानी, कोरीव, समोर पितळी मेणबत्तीदाण्या. तिला कुलूप. "मॅडमसाहेबांची पेटी" म्हणून तिच्यावर मखमलीचं कापड. कुणी वाजवायची नाही. उपासनेत गायन चालायचं ते एका फाटक्या हार्मोनियमवर. किल्ली कुणाकडे असावी, यावर दोन घराण्यांत बोलणं बंद होतं.

हिशेब तपासायला म्हणून मला तिथे बोलावलं होतं. मालमत्तेच्या यादीत पेटी होती, म्हणून ती बघायला मागितली. कुलूप निघालं, झाकण उघडलं तर आत उंदरांचं बाळंतपण झालेलं. भाता कुरतडलेला, अर्धे सूर मुके. इतकी वर्षं लोक जिच्यासाठी भांडले ती पेटी होतीच कुठे? तिथल्या एका शाळकरी मुलीने सहज पट्टी दाबली. एक सूर निघाला, चिरका. सगळे हसले. त्या हसण्याने जे झालं ते दहा उपदेशांनी झालं नसतं. पुढे मिरजेहून एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याला आणलं. तंतुवाद्यांच्या त्या गावात पेटीवालेही आहेत. त्याने भाता नवा घातला. आता ती मुलगी दर रविवारी पेटी वाजवते. मखमली कापडाचं काय झालं, कुणी विचारत नाही.

या प्रसंगाने मला सोडण्याची रीत कळली. हिज्कीयासारखं फोडावं लागतं तशी वेळही येते. पण बहुतेक वेळा वस्तू वापराला लावली की तिच्यातला देव निघून जातो. कुलपातली पेटी पूज्य होती, वाजणारी पेटी वाद्य झाली. पैसा, जमीन, पदवी, घराण्याचं नाव, सगळ्याला हे लागू पडतं.

जातीला मात्र ही रीत लागू पडत नाही, ती सोडावीच लागते. आणि आमच्यात ती आहे. बाहेर आम्ही म्हणतो, ख्रिस्तात ना यहूदी ना हेल्लेणी. सोयरीक जुळवताना विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" गावाचं नाव विचारल्यासारखा हा प्रश्न असतो आणि उत्तर बरोबर समजतं. एका लग्नाची बोलणी आमच्या मंडळीत अगदी सूचना वाचायच्या टप्प्याला आली होती. मुलगी शिकलेली, मुलगा निर्व्यसनी, देणंघेणं नाही, दोन्ही घरी रोज कौटुंबिक प्रार्थना. मग कुणीतरी आजोबांच्या आधीचं मूळ काढलं. तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे एका संध्याकाळी पुसले गेले. मुलीचा बाप मला म्हणाला, "आम्हाला काही नाही हो, पण नातेवाईक काय म्हणतील?" ते लग्न झालं नाही. दोघांची दुसरीकडे झाली. या मूर्तीपुढे आम्ही हरलो, एवढंच लिहितो.

अशा वेळी मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधली वर्षं नवऱ्याच्या श्रद्धेने त्यांचं सोवळं सुटलं नाही. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी मोकळेपणी सांगितलंय की ते सुटलं ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जात माणसाने केली की देवाने, याचा त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला, आणि एकदा लावल्यावर कुणाच्याही हातचं पाणी पिताना मागे बघितलं नाही. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली असती तर बाहेरचं सोवळं गेलं असतं, आतलं राहिलं असतं. आमच्या तीन पिढ्यांचं बहुधा तसंच झालंय.

टिळकांचा शेवटचा अध्याय तर आमच्याच जिल्ह्यात घडला. 1917 साली, पन्नाशी उलटलेल्या या माणसाने अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात यावेत अशी कल्पना. मिशनशी त्यांचं वैर नव्हतं. पगार चांगल्या कामाचाच होता. पण पगारी नोकर म्हणून बोललेला शब्द आपल्या लोकांना परका वाटतो, हे त्यांना दिसत होतं. हातातली चांगली वस्तू सोडायला निघालेला माणूस लोकांना वेडा वाटतो. त्यात मे 1919 मध्ये ते वारले, दरबार फार वाढला नाही. म्हणून काही जण म्हणतात, काय मिळवलं? मला तो प्रश्नच सुगीच्या सणातल्या त्या प्रश्नासारखा वाटतो. सोडल्यावर काय मिळालं याची जमा मांडायला लागलो की सोडलेलं परत दाराशी येतं.

तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्या तुकोबांनी कर्जखतांची वाटणी करून भावाच्या वाट्याची भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. लोणंदला दरवर्षी माउलींची पालखी येते तेव्हा मी तळावर जातो, आणि मला हटकून ही गोष्ट आठवते. भावाचा वाटा बुडवला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोडायचं ते आपलं. दुसऱ्याची मूर्ती आपण सोडू शकत नाही. मंडळीतले निम्मे तंटे यातून होतात, की आपण दुसऱ्याची खतं नदीत टाकायला निघतो.

माझी खतंही होती. माझा हिशेब पैशापैशाने जुळायचा, आणि हे मी नम्रपणे सगळ्यांना ऐकवत असे. एका वार्षिक सभेत नव्याने आलेल्या एका बंधूने सुचवलं, हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावा. सूचना रास्त होती. कंपनीत मी स्वतः ऑडिटरपुढे वर्षानुवर्षं कागद मांडत आलो होतो. तरी कानशिलं तापली. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पैसे खाल्लेत का?" मी म्हटलं, "नाही." "मग राग कशाचा?"

राग कशाचा, हा प्रश्न तेव्हापासून मी इतरांना विचारायच्या आधी स्वतःला विचारतो. मूर्तीला हात लागला की पुजारी उठतो. पैशाला हात लावला आणि आपण शांत राहिलो, तर तिथे मूर्ती नाही. मुलाच्या मार्कांवर कुणी बोललं आणि आपण पेटलो, तर तिथे बघावं. दुसरी खूण प्रार्थनेत सापडते. ज्या विनंतीला देवाचं 'नाही' हे उत्तर आपल्याला चालणारच नाही, ती विनंती तपासावी. आमच्या मंडळीत एक बाई मुलाच्या एमपीएससीसाठी दर बुधवारी उपास करत होत्या. मुलाने परीक्षा सोडली आणि केसुर्डीत नोकरी धरली. बाईंनी वर्षभर मंडळीत पाऊल टाकलं नाही. नंतर त्या परत आल्या, त्या मुलाच्याच स्कूटरवर मागे बसून. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

ऑडिट झालं. एक व्हाउचर कमी निघालं. जगबुडी आली नाही.

आता आमच्यापुढे नवीन प्रश्न आहे. मंडळी स्वतःची जागा घेतेय. महामार्गालगतचे भाव आवाक्याबाहेर गेलेत, म्हणून आतल्या बाजूला दोन गुंठे बघितले आहेत. वर्गणी चालू आहे. इमारतीचा नकाशा आला तसं मला गिदोनाचं एफोद दिसायला लागलं. भाड्याच्या गाळ्यात होतो तोवर आमच्याकडे भांडायला काही नव्हतं. म्हणून मी सभेत ठराव मांडला, की आठवडाभर संध्याकाळी हा हॉल वस्तीतल्या कामगारांच्या मुलांना अभ्यासाला खुला ठेवायचा, मूल कुठल्याही धर्माचं असो. एक पंच म्हणाले, "पवित्र जागा आहे. पोरं चपला घालून येतील, भिंती घाण करतील." मी म्हटलं, ज्या भिंतीला पोराचा हात चालत नाही तिच्यापुढे उद्या आपणच हात जोडून उभे राहू. थोडक्या मतांनी ठराव मंजूर झाला.

दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लावायची की नाही, हा विषय मात्र पुढच्या सभेवर ढकलला आहे. पावतीपुस्तक चाळून बघितलं. निकाल सोपा नाही.